दक्षिण आफ्रिकेतले परदेशी आणि त्यांच्यावरचे हल्ले : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दक्षिण आफ्रिकेत परदेशी माणसांवर हल्ले झाल्याची बातमी दर दोन-चार वर्षांनी येते. जळतं दुकान, हातात काठ्या घेतलेला जमाव, पोलिसांची गाडी, एवढंच त्यात दिसतं. त्यामागे काय चालतं, कायदा काय म्हणतो आणि प्रसंग आला तर काय करायचं, याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

दक्षिण आफ्रिकेत परदेशी आहेत तरी किती?

२०२२च्या जनगणनेनुसार सुमारे ६.२ कोटी लोकसंख्येत परदेशात जन्मलेले लोक सुमारे २४ लाख होते, म्हणजे शंभरात चारसुद्धा नाहीत. त्यांच्यातले ४५ टक्क्यांहून अधिक झिंबाब्वेचे. त्याखालोखाल मोझांबिक आणि लेसोथो. या जनगणनेत बरेच लोक मोजायचे राहून गेले, हे खरं आहे. तिथल्या सांख्यिकी खात्याचा आधीचा, २०२१चा अंदाज जवळपास ४० लाखांचा, म्हणजे साडेसहा टक्क्यांच्या आसपास होता. हा मोठा आकडा धरला तरी सभांमधून सांगितल्या जाणाऱ्या ‘एक-दीड कोटी बेकायदा घुसखोरां’ना कुठलाच आधार सापडत नाही.

‘मक्वेरेक्वेरे’ हा शब्द सारखा ऐकू येतो. त्याचा अर्थ काय?

आफ्रिकेतल्याच इतर देशांमधून आलेल्या काळ्या माणसांसाठी वापरली जाणारी ही शिवी आहे. ज्यांची भाषा आपल्याला कळत नाही, जे नुसतं ‘क्वेरे-क्वेरे’ करतात, ते मक्वेरेक्वेरे. केप टाउनमध्ये घर घेऊन राहणाऱ्या जर्मन किंवा ब्रिटिश माणसाला हा शब्द कुणी लावत नाही आणि त्याच्या दारावर जमावही जात नाही. मार बसतो तो झिंबाब्वे, मोझांबिक, मलावी, नायजेरिया, काँगो, सोमालिया, इथिओपिया, बांगलादेश, पाकिस्तान इथून आलेल्यांना, आणि त्यातही जे गरीब वस्तीत राहतात किंवा तिथे दुकान चालवतात त्यांना. ‘परकीयद्वेष’ म्हणताना हे ध्यानात ठेवावं. कातडीचा रंग, पैसा आणि पत्ता या तिन्हींवरून कोण ‘परका’ ते ठरतं.

२००८ साली नक्की काय झालं होतं?

११ मे २००८च्या रात्री जोहान्सबर्गच्या अलेक्झांड्रा वस्तीत हल्ले सुरू झाले. अलेक्झांड्रा म्हणजे श्रीमंत सँडटनच्या अगदी शेजारची दाटीवाटीची वस्ती. तिथून लोण डीपस्लूट, एकुरहुलेनी, डर्बन आणि केप टाउनपर्यंत गेलं. साधारण दोन आठवड्यांत ६२ माणसं मेली, शेकडो जखमी झाली, एक लाखाहून अधिक लोक बेघर झाले. वंशभेदी राजवट संपल्यानंतर पहिल्यांदाच अशा कामासाठी वस्त्यांमध्ये सैन्य उतरवावं लागलं. रामाफोसा नावाच्या झोपडवस्तीत मोझांबिकच्या एका मजुराला भर दिवसा जिवंत जाळलं. त्याचं छायाचित्र जगभर छापून आलं. २०१० साली पोलिसांनी साक्षीदार नाहीत म्हणून त्या खुनाची फाइल बंद केली. प्रसंग शेकडो लोकांच्या डोळ्यांसमोर घडला होता.

तत्कालीन राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी यांनी जुलै २००८मधल्या श्रद्धांजली सभेत या प्रकाराला परकीयद्वेष म्हणायला नकार दिला आणि ही निव्वळ गुन्हेगारी असल्याचं सांगितलं. ही भूमिका पुढच्या सरकारांनीही बरीच वर्षं धरून ठेवली. तिचा व्यावहारिक परिणाम असा की द्वेषातून झालेला गुन्हा अशी वेगळी नोंदच होत नाही. चोरी, जाळपोळ, मारहाण अशा सुट्या रकान्यांत सगळं विखुरतं. नोंद नसली की कुठे काय शिजतंय ते वेळेवर कळत नाही. जोहान्सबर्गच्या विट्स विद्यापीठातल्या संशोधकांचा ‘झेनोवॉच’ हा उपक्रम ही पोकळी भरून काढायचा प्रयत्न करतो. त्यांच्या नोंदींनुसार १९९४पासून अशा हिंसेत ६००हून अधिक माणसं मेली आहेत.

मेलेल्या ६२ जणांत २१ जण दक्षिण आफ्रिकेचेच होते म्हणतात. ते कसे?

जमावाकडे पासपोर्ट तपासायचं यंत्र नसतं. तो कानाने आणि डोळ्याने ‘तपासणी’ करतो. २००८मध्ये रस्त्यात अडवून माणसाला कोपराला झुलूमध्ये काय म्हणतात ते विचारलं जाई. उत्तर ‘इंदोलोल्वाने’. रोजच्या बोलण्यात फारसा न येणारा शब्द मुद्दाम निवडलेला. तो आला नाही किंवा उच्चार वेगळा झाला की माणूस परदेशी ठरला. दंडावरची लसीची खूण कुठे आहे तेही पाहिलं जाई.

दक्षिण आफ्रिकेत २००८ साली अधिकृत भाषाच ११ होत्या. त्सोंगा आणि व्हेंडा बोलणारे लोक देशाच्या उत्तर टोकाचे, मोझांबिक आणि झिंबाब्वेच्या सीमेलगतचे. सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच भाषा. जोहान्सबर्गमध्ये झुलू नीट न येणारा त्सोंगा माणूस हा पिढ्यान्‌पिढ्यांचा नागरिक असूनही ‘शांगान’, म्हणजे मोझांबिककडचा परका, म्हणून मार खातो. शिवाय परदेशी नवरा किंवा बायको असलेले, परदेशी भाडेकरू ठेवणारे, वाचवायला मध्ये पडलेले असेही लोक मेले.

सर्वसामान्य लोकांना परदेशी माणसांबद्दल काय वाटतं?

तिथली मानव विज्ञान संशोधन परिषद २००३पासून देशभर सर्वेक्षण करते. परदेशी लोकांना देशात येऊ द्यावं का, या प्रश्नावर साधारण एक चतुर्थांश लोक ‘सगळ्यांना येऊ द्या’ म्हणतात, एक तृतीयांशाच्या आसपास ‘कुणालाच नको’ म्हणतात आणि उरलेले ‘काहींना’ म्हणतात. वर्षागणिक थोडं वर-खाली होतं, पण चित्र फारसं बदलत नाही. अमेरिकेतल्या प्यू या जनमत पाहणी करणाऱ्या संस्थेच्या २०१८च्या पाहणीत ६२ टक्के लोकांनी स्थलांतरित हे नोकऱ्या आणि सरकारी लाभ घेणारं ओझं असल्याचं सांगितलं, तर ६१ टक्क्यांनी गुन्हेगारीचा दोष इतर कुणापेक्षा त्यांना अधिक दिला.

हे मत फक्त गरिबांचं आहे असा समज आहे. तो चुकीचा आहे. बंगल्यात राहणारेही हेच बोलतात. फरक इतकाच की त्यांच्या शेजारी परदेशी माणसाची झोपडी नसते.

परदेशी लोक स्थानिकांच्या नोकऱ्या घेतात, हे खरं आहे का?

देशाचा एकत्रित हिशेब पाहिला तर नाही. जागतिक बँकेने २०१८मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९९६ ते २०११ या काळातली आकडेवारी तपासली. एका स्थलांतरित कामगारामागे स्थानिकांसाठी साधारण दोन नोकऱ्या तयार झाल्याचं त्यात दिसलं. भाडं, मालाची खरेदी, हाताखालची माणसं अशा वाटांनी हा पैसा फिरतो.

पण सरासरीच्या आड काय दडतं तेही सांगायला हवं. अधिकृत बेकारीचा दर बऱ्याच वर्षांपासून ३० टक्क्यांच्या वर आहे. पंचविशीच्या आतल्या, काम शोधणाऱ्या तरुणांत तो ६० टक्क्यांच्या आसपास जातो. अशा ठिकाणी उपाहारगृह, शेत, बांधकाम किंवा मालवाहतुकीचा मालक कागद नसलेल्या माणसाला मुद्दाम कामावर घेतो, कारण तो किमान वेतन मागणार नाही, संघटनेत जाणार नाही आणि तक्रार करायला पोलिसात तर मुळीच जाणार नाही. स्थानिक तरुणाला दिसतो तो काम मिळालेला झिंबाब्वेचा माणूस. मालक दिसत नाही. कायद्याने मात्र गुन्हा मालकाचा आहे. परवाना नसलेल्याला जाणूनबुजून कामावर ठेवणं स्थलांतर कायद्याच्या (२००२) कलम ४९ खाली शिक्षेला पात्र आहे. आणि परवाना नसला तरी त्या कामगाराला कामगार कायद्याचं संरक्षण मिळतं, असा निकाल कामगार न्यायालयाने २००८ सालीच दिला आहे. दोन्ही गोष्टी नीट अमलात आल्या तर स्वस्त आणि मुक्या मजुराचा फायदाच उरत नाही. तपासणीची गाडी मालकाच्या दारात क्वचित थांबते, हे खरं दुखणं आहे.

आणि गुन्हेगारी?

पोलिसांची गुन्ह्यांची नियमित आकडेवारी संशयिताच्या राष्ट्रीयत्वानुसार प्रसिद्ध होत नाही. त्यामुळे ‘इतके टक्के गुन्हे परदेशी करतात’ असा आकडा कुणी सांगितला तर तो कुठून आणला, हे आधी विचारा. अटकेचे आकडे दाखवले जातात तेव्हा त्यातल्या किती अटका फक्त कागद नसल्याबद्दलच्या होत्या, तेही विचारा. दरोडा आणि मुदत संपलेला परवाना एका बेरजेत घातले की आकडा फुगतोच.

म्हणजे शेवटी गरिबी आणि बेकारी हेच कारण ना?

नाही. या पानावर एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

गरिबी, बेकारी आणि परदेशी लोकांबद्दलची नाराजी देशातल्या जवळपास प्रत्येक गरीब वस्तीत आहे. हल्ले मात्र काही वस्त्यांमध्येच होतात, आणि तिथेच पुन्हा पुन्हा होतात. दोन वस्त्या शेजारी शेजारी, सारख्याच गरीब, परदेशी लोकही तितकेच, तरी एक पेटते आणि दुसरी शांत राहते. जे कारण सगळीकडे आहे त्याने हा फरक कळत नाही.

२००८नंतर विट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी हल्ले झालेल्या आणि न झालेल्या वस्त्या मुद्दाम जोडीने तपासल्या. त्यांना आढळलं की पेटलेल्या वस्त्यांमध्ये हल्ला कुणीतरी घडवून आणला होता. कुठे गल्ली समिती, कुठे पोलिसांना मदत करण्यासाठी नेमलेला नागरी गट, कुठे दुकानदारांची संघटना, कुठे नगरसेवकपदावर डोळा असलेला पुढारी. अधिकृत स्थानिक सत्ता कमकुवत किंवा बदनाम झालेली असते. त्या रिकाम्या जागेत हे लोक शिरतात आणि ‘परदेशी हाकलून दाखवले’ हे आपलं कर्तृत्व म्हणून मिरवतात. त्यातून मानमरातब मिळतो, वर्गणी मिळते, रिकाम्या झालेल्या झोपड्या वाटता येतात, दुकानदारांकडून ‘संरक्षणा’चे पैसे उकळता येतात.

उलट उदाहरण खुत्सोंगचं. जोहान्सबर्गच्या पश्चिमेची ही खाणवस्ती. आपला भाग दुसऱ्या प्रांतात टाकला म्हणून २००५पासून तिथे उग्र आंदोलनं, जाळपोळ चालू होती. २००८मध्ये सगळ्यांत आधी पेटायची ती हीच, असं कुणालाही वाटलं असतं. तिथे परदेशी माणसांवर हल्ले झाले नाहीत. आंदोलन चालवणाऱ्या स्थानिक नेत्यांचा वस्तीत वचक होता, आणि आपलं भांडण सरकारशी आहे, मोझांबिकच्या शेजाऱ्याशी नाही, हे त्यांनी सभांमधून ठणकावून सांगितलं. खाणीत खांद्याला खांदा लावून काम केल्याची जुनी ओळखही कामी आली.

नाराजी हे सरपण आहे. काडी ओढणारा माणूस वेगळा असतो आणि बहुतेक वेळा वस्तीला तो नावानिशी माहीत असतो.

हल्ला प्रत्यक्षात कसा होतो? आधी काही चाहूल लागते का?

लागते. ‘अचानक उद्रेक झाला’ हे वाक्य बातमीत असतं, वस्तीतल्या माणसाच्या तोंडी नसतं. क्रम साधारण असा असतो.

आधी एखादी ठिणगी, खरी किंवा अफवा. जानेवारी २०१५मध्ये सोवेटोत सोमाली दुकानदाराच्या गोळीने १४ वर्षांचा मुलगा मेला आणि दुकानांची लूट सुरू झाली. मग मैदानावर, सभागृहात किंवा हॉस्टेलमध्ये सभा भरते. (हॉस्टेल म्हणजे खाण आणि कारखान्यांसाठी वंशभेदी काळात बांधलेली पुरुष कामगारांची वसतिगृहं. आजही तिथे हजारो लोक राहतात.) सभेतून मुदत ठरते, ‘सोमवारपर्यंत निघून जा’. ती पत्रकांतून, व्हॉट्सअ‍ॅपवरून, कधी घरमालकांकरवी कळवली जाते. त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत घरमालक परदेशी भाडेकरूंना खोली सोडायला सांगू लागतात, कारण घर जळालं तर त्यांचं जळेल. शाळेत मुलं कमी येतात. दुकानदार रात्रीच्या रात्री माल हलवतात. एखादा ‘बंद’ पुकारला जातो, रस्त्यावर टायर पेटतात. पहिल्या दुकानाचं दार फुटतं, माणसांच्या आधी माल जातो. पहिल्या काही तासांत पोलिसांनी काही केलं नाही तर कालपर्यंत नुसते बघणारे शेजारीही लुटीत उतरतात.

अफवा आणि मुदत यांच्यामधले दोन ते सात दिवस हीच हस्तक्षेपाची वेळ. मुदत देणारी सभा कुणी बोलावली होती हे लोकांना माहीत असतं, सभा बहुधा उघड्यावर होते. त्या माणसांना धमकावणीच्या आणि चिथावणीच्या गुन्ह्यात त्याच वेळी उचललं तर पुढचं पुष्कळ टळतं.

मग पोलिसांचं कुठे चुकतं?

सगळ्यांत मोठी चूक सद्हेतूने होते. जमाव आला की पोलीस परदेशी कुटुंबांना गाडीत घालून ठाण्यात किंवा सभागृहात नेतात. जीव वाचतो, त्याचं मोल आहेच. पण घर आणि दुकान मागे उघडं राहतं, आणि ‘हे लोक इथून गेले पाहिजेत’ ही जमावाची मागणी सरकारी गाडीनेच पुरी होते. पुढच्या वस्तीतल्या पुढाऱ्याने हे पाहिलेलं असतं.

दुसरी चूक हल्ल्यानंतरच्या मोहिमांची. एप्रिल २०१५च्या हल्ल्यांनंतर सरकारने ‘ऑपरेशन फिएला’ काढलं. फिएला म्हणजे झाडून काढणे. गुन्हेगारांसाठी म्हणून काढलेल्या या मोहिमेत कागद नसलेल्या परदेशी लोकांची मोठ्या संख्येने धरपकड आणि पाठवणी झाली. हल्ला ज्यांच्यावर झाला त्यांनाच झाडून काढलं, असा अर्थ वस्त्यांनी घेतला तर नवल नाही.

२०१५ आणि २०१९ मध्ये काय झालं?

मार्च २०१५मध्ये झुलू राजे गुडविल झ्वेलिथिनी यांनी पोंगोला इथल्या भाषणात परदेशी लोकांनी गाशा गुंडाळून परत जावं असं म्हटलं. आपल्या बोलण्याचा विपर्यास झाला, असं त्यांनी पुढे सांगितलं. एप्रिलमध्ये डर्बनमधल्या इसिपिंगो, चॅट्सवर्थ या भागांत हल्ले झाले आणि जोहान्सबर्गपर्यंत पसरले. किमान सात जण मेले. मलावी, झिंबाब्वे, मोझांबिक यांनी आपल्या लोकांना परत न्यायला बसगाड्या पाठवल्या.

सप्टेंबर २०१९मध्ये जोहान्सबर्ग आणि प्रिटोरिया पुन्हा पेटलं. १२ मृत्यू झाले, त्यातले १० जण दक्षिण आफ्रिकेचेच नागरिक होते. या वेळी शेजाऱ्यांनी गप्प बसायचं नाकारलं. नायजेरियाच्या एका खाजगी विमान कंपनीने आपल्या लोकांना फुकट घरी नेलं, झांबिया आणि मादागास्करने फुटबॉलचे सामने नाकारले. हरारेत झिंबाब्वेचे माजी राष्ट्राध्यक्ष मुगाबे यांच्या अंत्यविधीला गेलेल्या राष्ट्राध्यक्ष रामाफोसा यांना जमावाच्या हुर्योला तोंड द्यावं लागलं आणि त्यांनी व्यासपीठावरूनच माफी मागितली.

गल्लीतली ‘स्पाझा’ दुकानंच लक्ष्य का होतात?

स्पाझा म्हणजे घराच्या खोलीत किंवा कंटेनरमध्ये चालणारं किराणा दुकान. सोमाली, इथिओपियन, बांगलादेशी, पाकिस्तानी दुकानदार पाच-दहा जण मिळून घाऊक माल उचलतात, वाहतुकीचा खर्च वाटून घेतात, दुकानातच झोपतात, पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत उघडं ठेवतात. एक अंडं, सुटी सिगारेट, पुडीतली साखर असं विकतात आणि फार थोड्या नफ्यावर भागवतात. गिऱ्हाइकाला हे परवडतं. एकट्याने माल आणणाऱ्या स्थानिक दुकानदाराला परवडत नाही. बऱ्याचदा त्यानेच आपली जागा भाड्याने दिलेली असते आणि ते भाडं म्हातारपणाच्या पेन्शनइतकंच महत्त्वाचं असतं. दुकान जळालं की हे भाडंही बुडतं आणि गल्लीतल्या बायकांना पावासाठी टॅक्सीचं भाडं भरून मॉल गाठावा लागतो. रोख पैसे, उचलून नेता येणारा माल आणि तक्रार करायला कचरणारा मालक, ही तीन कारणं लुटारूंना पुरतात.

२०२४च्या अखेरीस या रागाला नवं निमित्त मिळालं. सोवेटोतल्या नालेदी भागात ऑक्टोबरमध्ये सहा मुलं खाऊ खाऊन मेली. तपासात टर्बुफॉस हे शेतीचं विषारी कीटकनाशक निघालं. हे विष वस्तीत कसं आलं? कचरा महिनोन्‌महिने उचलला जात नाही, उंदीर माजतात, आणि रस्त्यावर पुडीत मिळणारं हे विष लोक उंदरांसाठी घरात आणि दुकानात ठेवतात. मुलांना मुद्दाम मारल्याचा पुरावा नाही, असं रामाफोसा यांनी नोव्हेंबरमधल्या भाषणात स्पष्ट केलं आणि सगळ्या स्पाझांना २१ दिवसांत नोंदणी करायला सांगितली. मुदत नंतर वाढवावी लागली. तोवर अनेक ठिकाणी जमावांनी परदेशी लोकांची दुकानं स्वतःच बंद पाडली होती. कचरा तसाच होता.

‘ऑपरेशन दुदुला’ काय आहे? त्यांना कागद तपासायचा अधिकार आहे का?

दुदुला म्हणजे झुलूमध्ये ढकलून बाहेर काढणे. २०२१मध्ये सोवेटोत ही चळवळ सुरू झाली, २०२३मध्ये तिने पक्ष म्हणून नोंदणी केली. बाजारात, कारखान्याच्या दारात, पुढे २०२५मध्ये सरकारी दवाखान्यांच्या फाटकावर उभं राहून तिचे कार्यकर्ते ओळखपत्र मागत आणि परदेशी वाटणाऱ्या रुग्णांना परत पाठवत. डर्बनमध्ये ‘मार्च अँड मार्च’ या गटानेही हेच केलं.

त्यांना तो अधिकार नाही. स्थलांतर कायद्याच्या कलम ४१नुसार ओळख विचारण्याचा अधिकार फक्त स्थलांतर अधिकाऱ्याला आणि पोलीस अधिकाऱ्याला आहे. नोव्हेंबर २०२५मध्ये जोहान्सबर्गच्या उच्च न्यायालयाने दुदुलाला खाजगी व्यक्तींकडे कागद मागायला आणि दवाखाने-शाळांची वाट अडवायला मनाई केली. हा खटला नागरी संघटनांनीच एकत्र येऊन लढवला होता. एप्रिल २०२२मध्ये डीपस्लूटमध्ये घरोघर कागद आणि पैसे मागत फिरणाऱ्या जमावाने झिंबाब्वेच्या एका माणसाला मारून जाळलं. ‘फक्त कागद बघतो’ या वाक्याचा शेवट कुठवर जातो ते तिथे दिसलं.

कागद नसलेल्या माणसाला दवाखाना आणि शाळा मिळते का?

तातडीचे उपचार कुणालाही नाकारता येत नाहीत, राज्यघटनेचं कलम २७ तसं सांगतं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, तसंच सहा वर्षांखालची मुलं यांना सरकारी दवाखान्यात मोफत उपचार मिळतात. राष्ट्रीयत्व किंवा कागद आड येत नाहीत, हे न्यायालयाने २०२३मध्ये पुन्हा बजावलं. शाळेबाबत मखांडा इथल्या उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९मध्ये निकाल दिला की जन्मदाखला नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येणार नाही. अडचण होते ती फाटकावरच्या कारकुनाशी किंवा रखवालदाराशी. निकालाची छापील प्रत जवळ ठेवणं उपयोगी पडतं.

मग हे लोक रीतसर कागद का करून घेत नाहीत?

बहुतेकांनी प्रयत्न केलेला असतो. आश्रयासाठी अर्ज केला की निर्वासित कायद्याच्या कलम २२चा तात्पुरता परवाना मिळतो, काही महिन्यांचा. तो सतत वाढवून घ्यावा लागतो, अंतिम निर्णय होऊन निर्वासित म्हणून मान्यता मिळाली तर कलम २४चा परवाना. २०१९मध्ये देशाच्या महालेखापालांनी हिशेब मांडला की अपिलांचा तेव्हाचा साठा त्याच गतीने निकाली काढायचा तर ६८ वर्षं लागतील, तेही नवा एकही अर्ज आला नाही तर. जोहान्सबर्गचं आश्रयार्थी कार्यालय २०११मध्ये बंद झालं. केप टाउनचं २०१२मध्ये नव्या अर्जांना बंद झालं आणि न्यायालयाच्या आदेशानंतर अनेक वर्षांनी, २०२३मध्ये, पुन्हा उघडलं.

झिंबाब्वेच्या लोकांसाठी खास सवलतीचा परवाना आहे, साधारण १ लाख ७८ हजार लोकांकडे. सरकारने २०२१मध्ये तो थांबवायचं ठरवलं, न्यायालयाने २०२३मध्ये तो निर्णय रद्द ठरवला, तेव्हापासून मुदत वाढत वाढत २८ मे २०२७पर्यंत आली आहे. पंधरा वर्षं कर भरून राहिलेलं कुटुंब दर वेळी शेवटच्या महिन्यापर्यंत टांगणीला असतं.

हल्ल्याची धमकी आली किंवा हल्ला झाला तर काय करावं?

धमकी आली त्याच दिवशी पासपोर्ट, परवाना, भाडेकरार, मुलांचे जन्मदाखले यांचे फोटो काढून ते वस्तीबाहेरच्या विश्वासू माणसाला पाठवा. जळालेल्या कागदांची दुय्यम प्रत मिळवणं हेच नंतर महिनोन्‌महिने चालतं. दुकान असेल तर मालाची यादी, घाऊक खरेदीच्या पावत्या आणि आतले फोटो ठेवा. पावतीशिवाय नुकसान सिद्ध होत नाही. माल वाचवण्यासाठी थांबू नका, परत आत जाऊ नका.

सुरक्षित झाल्यावर पोलिसात गुन्हा नोंदवा आणि नोंद क्रमांक मागून घ्या. नुसती तोंडी तक्रार नोंदच नसते. कागद नसले तरी गुन्ह्याची फिर्याद देता येते. अधिकारी नोंद घेत नसेल तर त्याचं नाव, तारीख, वेळ लिहून ठेवा आणि मानवी हक्क आयोगाकडे द्या. द्वेषपूर्ण भाषण किंवा भेदभाव यांसाठी समता न्यायालय आहे. तिथे शुल्क लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. निर्वासितांनी संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयाच्या मदतवाहिनीला कळवावं, भारतीय नागरिकांनी जोहान्सबर्ग, डर्बन किंवा केप टाउनमधल्या वाणिज्य दूतावासाला.

भारतीय वंशाच्या लोकांवर असे हल्ले झाले आहेत का?

हो. जानेवारी १९४९मध्ये डर्बनमध्ये एका भारतीय दुकानदाराने आफ्रिकन मुलाला मारल्याच्या प्रसंगातून दंगल उसळली. अधिकृत आकड्यांनुसार १४२ जण मेले, त्यात ८७ आफ्रिकन आणि ५० भारतीय. तेव्हाही राग दुकानांवर आणि बसमालकांवर होता, आणि ज्या गोऱ्या राजवटीने सगळ्यांच्या जागा ठरवून दिल्या होत्या ती लांब उभी होती. याची उलट बाजूही सांगितली पाहिजे. जुलै २०२१च्या दंगलीत डर्बनजवळच्या फीनिक्स या भारतीयबहुल भागात रहिवाशांनी स्वतःचे नाके उभारले आणि ये-जा करणाऱ्या काळ्या माणसांना अडवलं. तिथे ३६ जण मारले गेले, बहुतेक आफ्रिकन. नाक्यावर उभा असलेला कुणीही असो, तपासणी कातडी बघूनच होते.

मराठी वाचकाला आणखी एक धागा जवळचा वाटेल. रत्नागिरी भागातले कोकणी मुसलमान शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी केप टाउनला जाऊन स्थिरावले. तिथल्या १९०६च्या कायद्याने येणाऱ्याला युरोपीय भाषेत लिहिता यायला हवं अशी अट घातली, आणि गावी जाऊन परत यायचं तर निघण्याआधी परवाना काढावा लागे. भाषा विचारून माणूस बाहेर ठेवण्याची रीत सरकारनेच घालून दिलेली होती.

महाराष्ट्रातल्या परप्रांतीयांच्या वादाशी याची तुलना करता येईल का?

कायद्याने नाही. भारताच्या घटनेच्या कलम १९ने प्रत्येक नागरिकाला देशात कुठेही राहायचा हक्क दिला आहे, बिहारचा माणूस मुंबईत परदेशी नसतो. पण त्याच २००८ साली मुंबईत उत्तर भारतीय टॅक्सीवाले आणि रेल्वेच्या परीक्षेला आलेली मुलं मार खात होती, हे आपण विसरू नये. ‘कोपराला काय म्हणतात’ हा प्रश्नही आपल्याला वाटतो तितका दूरचा नाही. जून २०२५मध्ये महाराष्ट्रात मजुरी करणाऱ्या पश्चिम बंगालच्या काही मुसलमान मजुरांना बांगलादेशी समजून सीमेपलीकडे ढकललं गेलं, आणि ते भारतीय असल्याचं कळल्यावर परत आणावं लागलं. सीमेच्या दोन्ही बाजूंना बंगालीच बोलतात, जशी झिंबाब्वेच्या सीमेवरच्या लिंपोपो नदीच्या दोन्ही काठांवर व्हेंडा.

हाकलून दिलेले लोक परत त्याच वस्तीत राहू शकतात का?

राहू शकतात, पण सरकारी बसमधून नुसतं आणून सोडलं तर टिकत नाही. २००८मध्ये केप टाउनजवळच्या मासिफुमेलेले वस्तीतून सोमाली आणि इतर परदेशी लोक सूटवॉटर इथल्या समुद्रकाठच्या तात्पुरत्या छावणीत गेले होते. मे संपायच्या आतच वस्तीतले लोक छावणीत गेले, माफी मागितली आणि परत चला म्हणाले. लुटलेला मालही शक्य तितका गोळा करून परत केला. बोलावणं शेजाऱ्यांचं होतं म्हणून पुष्कळ कुटुंबं परतली. ज्या वस्त्यांमध्ये सभा बोलावणारी माणसं मोकळी फिरत होती, तिथे परतलेल्यांची दुकानं पुन्हा फुटली, काही ठिकाणी त्याच वर्षात.